फोन कोंडायचा डबा: सात महिने वापरून

डबा आला त्या दिवशी आई आडोळीवर बसून नारळ खवत होती. "हातूंत कितें घालतलो?" तिने विचारलं. फोन, म्हटल्यावर तिने आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता पुन्हा नारळ हातात घेतला.

टायमरचं झाकण असलेला प्लास्टिकचा डबा. किंमत २,२९९ रुपये. वेळ लावायची, बटण दाबायचं, की ती वेळ संपेपर्यंत झाकण उघडत नाही. खोक्यावरच्या चित्रात आत बिस्किटं दाखवली आहेत. मी त्यात रोज संध्याकाळी पाच वाजता फोन घालतो.

मी काय करतो ते आधी सांगतो, नाहीतर माणूस एवढे पैसे फोन कोंडण्यासाठी का घालतो ते कळायचं नाही. खांडेपारच्या अलीकडे आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. गोव्याची बी मार्च ते मे, तेवढ्यावर वर्षभर बायकांना काम पुरत नाही. उरलेल्या महिन्यांत आफ्रिकेची बी येते, कधी टांझानियाची, कधी दुसरीकडची, आणि तिचं बिल डॉलरमध्ये असतं. एक कंटेनर म्हणजे माझ्या हिशेबात वीसेक हजार डॉलर. २०१३ च्या मे महिन्यात डॉलर ५५ च्या आसपास होता, २८ ऑगस्टला तो ६८ च्या वर गेला. बी तीच, बिल तेच, आणि अकरा लाखांचे साडेतेरा झाले. त्यानंतर मी एक्स्चेंजवर डॉलरचे फ्युचर घ्यायला लागलो, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा भाव आजच ठरवून टाकणारे सौदे. एक लॉट हजार डॉलरचा, कंटेनरला वीस लॉट. डॉलर चढला तर बिल महागतं पण फ्युचरमध्ये तेवढेच सुटतात. सरळ हिशेब.

कागदावर सरळ. प्रत्यक्षात असं होतं की डॉलर तीस पैसे उतरला, की वीस लॉटवर सहा हजार रुपये त्याच रात्री खात्यातून वळते होतात. बिल सहा हजारांनी स्वस्त झालेलं असतं, पण ते दोन महिन्यांनी भरायचं. तोटा रोज डोळ्यांसमोर लाल रंगात आणि फायदा कुठल्यातरी जहाजावर. ही गोष्ट मला समजायला एक दिवस लागला आणि अंगात मुरायला दहा वर्षं. मधल्या काळात मी तो लाल आकडा हिरवा करायच्या नादाला लागलो. वीस लॉट हेज, म्हणजे बिलाच्या बचावासाठी, आणि वर स्वतःच्या अकलेचे आणखी तीस-चाळीस. कधी पाउंड, कधी येन. कारखान्याचा मालक पुढच्या खोलीत काय करतोय ते सोलणाऱ्या बायकांनासुद्धा कळायचं, मी चहा मागवला की कितीदा मागवला त्यावरून.

त्या काळातला एकच प्रसंग सांगतो, कारण डब्याचं बीज त्यात आहे. २०२२ चा श्रावण संपत आला होता, गावच्या देवळात सप्ताह. आमच्या मंडळाचा पार, म्हणजे भजनाची पाळी, संध्याकाळी सातचा. मी पेटीला. त्याच शुक्रवारी, २६ ऑगस्टला, आपल्या साडेसातला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष जेरोम पॉवेल जॅक्सन होलच्या परिषदेत बोलणार होते; असल्या भाषणावर डॉलर हलतो. मी काय करून बसलो होतो? आयात करणारा माणूस, ज्याला डॉलर विकत घ्यायचेत, तो साठ लॉट विकून बसला होता. का, तर डॉलरला रिझर्व्ह बँक ८० च्या वर जाऊ देणार नाही अशी खात्री. फोन पेटीच्या कडेला उभा केलेला. गजर चालू असताना पडद्यावर डॉलर इंडेक्स, म्हणजे इतर मोठ्या चलनांपुढे डॉलर किती जड ते सांगणारा आकडा, वर सरकताना दिसला आणि माझा हात पांढरी चारऐवजी पांढरी पाचवर जाऊन बसला. बुवांनी मान वळवून बघितलं. बोलले काहीच नाहीत, पण झांजवाला पोरगा फिसकन हसला ते अजून आठवतं.

आता मजा बघा. आपला करन्सीचा बाजार पाच वाजता बंद होतो. पॉवेल साडेसातला बोलले. म्हणजे त्या क्षणी मला समजा ब्रह्मज्ञान झालं असतं तरी एक लॉट कापता आला नसता. ठरल्या भावाला सौदा आपोआप कापणाऱ्या स्टॉपलॉसचाही उपयोग नाही, बंद बाजारात तो कुठे लागणार? वर शनिवार-रविवार. दोन रात्री मी सिंगापूर, लंडन, न्यूयॉर्क, जिथे जिथे काही हलत होतं ते बघत जागा होतो. सोमवारी डॉलर ८० च्या वर उघडला, मी पहिल्या मिनिटाला सगळं कापलं, बारा हजार गेले. संध्याकाळी बाजार बंद होताना डॉलर पुन्हा ८० च्या खाली. बारा हजार ही रक्कम मला परवडण्यासारखी होती. त्या दोन रात्री कशासाठी घालवल्या, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तरी सवय सुटली नाही. पुढे २०२४ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेचं पत्रक आलं, ३ मे पासून लागू झालं: रुपयाच्या जोड्यांत सौदा करायचा तर मागे खरीखुरी डॉलरची देणी-घेणी असली पाहिजेत. एक्स्चेंजवरचा करन्सीचा व्यवहार त्यानंतर पार रोडावला, पुढच्या महिन्यांच्या सौद्यांत घेणारा-विकणारा एकमेकांपासून लांब उभे. नुसता अंदाजावर खेळणारा जवळजवळ सगळा बाहेर गेला. मी बिलाएवढ्याच लॉटवर आलो. माझं अर्धं दुखणं सरकारी कागदाने बरं केलं, हे कबूल करायला हवं. उरलेलं अर्धं म्हणजे रात्रीचा फोन. फेडचा निर्णय उन्हाळ्यात साडेअकराला, हिवाळ्यात साडेबाराला. नोकऱ्यांचे आकडे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सहाला नाहीतर सातला. सगळंच पाचनंतर. आणि मी सगळ्याला हजर.

गेल्या डिसेंबरात फोंड्याच्या डॉक्टरांकडे रक्तदाब १५०/९६ निघाला. गोळी लिहून देण्याआधी त्यांनी मीठ, चालणं वगैरे विचारलं आणि मग एक प्रश्न: "रात्री फोन कुठे असतो?" उशाशी. "दुसऱ्या खोलीत ठेवून बघा." ठेवला. चार दिवस. पाचव्या रात्री पाणी प्यायला उठलो तो थेट त्या खोलीत. म्हणून डबा.

आता वस्तूबद्दल. झाकणावर मधोमध एक मोठी चकती आहे. फिरवली की मिनिटं, जोरात फिरवली की तास, आणखी फिरवली की दिवस. जास्तीत जास्त दहा दिवस. चकती दाबली की पाच, चार, तीन असे आकडे उतरतात. तेवढ्या पाच सेकंदांत पुन्हा दाबलं तर रद्द होतं. मग आतून दोन खिट्ट्या बाहेर सरकतात आणि "टक" असा आवाज येतो. त्या आवाजानंतर काही चालत नाही. किल्ली नाही, गुप्त क्रमांक नाही, कंपनीला फोन करून उपयोग नाही. फोडायचा झाला तर हातोडी. पहिले आठ-दहा दिवस त्या पाच सेकंदांत मी तीनदा रद्द केलं आणि एकदा तर बायकोला सांगितलं, तू दाब. आता तो "टक" ऐकला की खांदे खाली येतात. खरंच येतात, बायकोने दाखवून दिलं तेव्हा लक्षात आलं.

माझी वेळ सोळा तास. संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ. पुढे ती साडेपंधरा केली, कारण नऊला बाजार उघडतो आणि त्याआधी अर्धा तास रात्री काय घडलं ते नीट वाचायला लागतो. हा अर्धा तास माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा फरक. पूर्वी मी तीच बातमी रात्रीत वीस वेळा तुकड्यातुकड्याने खायचो. आता एकदा, चहाबरोबर, आणि वाचून झाल्यावर काही करायचं असेल तर करता येतं.

पारदर्शक डबा घेऊ नका. मी घेतला, चूक झाली. बाहेर "टक" झालं तरी आत पडदा उजळतो आणि तुम्ही मान तिरकी करून वाचायला लागता. फोन पालथा घातला, तर थरथर. प्लास्टिकच्या डब्यात फोन थरथरला की आरतीत कोणीतरी एकच झांज वाजवत बसावा तसा आवाज येतो. शेवटी फोन पूर्ण बंद करून घालायला लागलो आणि वर आईचं स्वयंपाकघरातलं फडकं. त्याच कंपनीचा पांढरा, आतलं न दिसणारा डबा शंभर रुपयांनी महाग आहे. तोच घ्या.

दुसरी अडचण सगळ्यांना येणार. फोन कोंडला की बाकीचं जगही कोंडलं जातं. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पों-पों करत आला, मी पोळे घ्यायला बाहेर, आणि खिशात ना फोन ना पैसे. त्याच महिन्यात बंदरातून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटला एका कागदासाठी साडेसहाला ओटीपी हवा होता, तो डब्यात येऊन पडला आणि कंटेनर एक दिवस जास्त उभा राहिला. त्या दिवसाचे पैसे डब्याच्या किमतीत धरायचे तर डबा बराच महाग पडला. उपाय सोपा निघाला: सिमकार्ड काढून जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. आईचं औषध, एजंट, बँक, सगळे त्यावर. पोदेरासाठी दाराजवळ सुट्ट्या पैशांची डबी. मात्र ब्रोकरच्या खात्यात शिरायचा कोड देणारं ॲप मोठ्या फोनमध्येच आहे, म्हणजे डब्यात. लॅपटॉप उघडून चोरून आत शिरायची सोय राहिली नाही. नुसते भाव बघायला कोड लागत नाही हे मला माहीत आहे आणि दोनदा मी ते केलंही, दोन्ही वेळा फेडच्या रात्री. लॅपटॉप आता कारखान्यातच ठेवून येतो.

सर्वात मोठी तक्रार सेलची. आपल्याकडचा पावसाळा या डब्याने पाहिलेला नसावा. जुलैत झाकणाचा पडदा आतून धुरकटला, आकडे दिसेनात. एका सकाळी साडेआठला झाकण ओढतो तर घट्ट. पंधरा मिनिटं थांबलो. मग कळलं, रात्रीत कधीतरी सेल संपले. सेलची खोबण झाकणावर बाहेरच्या बाजूने आहे हे बरं, पण घरात त्या मापाचे सेल नव्हते. देवघराच्या भिंतीवरच्या घड्याळातला एक काढला, टॉर्चमधला एक. पडदा जागा झाला आणि डोळे बारीक करून वाचलं: चार तास पन्नास मिनिटं. सेल जिथे मेले तिथूनच घड्याळ पुढे चालू. म्हणजे उघडणार दीडनंतर.

वीस लॉट उभे, बाजार उघडायला दहा मिनिटं. हातोडी कुठे आहे ते मला माहीत होतं. बटणांच्या फोनवरून ब्रोकरच्या डीलिंग डेस्कला फोन लावला, त्या मुलीने भाव सांगितला. कालच्यापेक्षा चार पैसे वर. "काही करायचंय का सर?" नाही म्हटलं. आठशे रुपये माझ्या बाजूने होते, आणि विरुद्ध असते तरी करण्यासारखं काही नव्हतं. कारखान्यात गेलो, डब्ल्यू ३२० प्रतीच्या काजूगराच्या पाकिटांचं वजन स्वतः तपासलं, जे मी कित्येक महिन्यांत केलं नव्हतं. दोन पाकिटं कमी भरली. पावणेदोनला घरी जेवायला आलो तेव्हा डबा उघडलेला, देवघरातलं घड्याळ पावणेनऊवर थांबलेलं, आणि त्याबद्दल आईची बोलणी.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की सेल कमी झाले की पडद्यावर खूण येते. पडदाच दिसत नाही, असं मी कळवलं. त्यांनी पडदा दिसत नसल्याचा व्हिडिओ मागितला. तो पाठवायला फोन डब्याबाहेर हवा म्हणून दुपारी काढून पाठवला. अजून उत्तर नाही. मी आपला महिन्याच्या एक तारखेला सेल बदलतो आणि पावसात झाकणाखाली तांदळाची पुरचुंडी ठेवतो.

कोणाला उपयोग नाही तेही सांगतो. ज्याचे लॉट त्याच्या झेपेबाहेर आहेत त्याला नाही. मार्चमध्ये दोन कंटेनर एकदम ठरले, चाळीस लॉट झाले, आणि त्याच सुमारास ग्राहकाचे पैसे अडकल्याने मार्जिनची, म्हणजे सौद्यापोटी ब्रोकरकडे ठेवायच्या अनामत रकमेची, ओढाताण. फोन डब्यात, मी पलंगावर, आणि डोक्यात पैशापैशाचा हिशेब चालू: दहा पैसे म्हणजे चार हजार, वीस पैसे म्हणजे आठ. त्या रात्री डबा असून नसल्यासारखा. दुसऱ्या दिवशी एका कंटेनरचं हेज बँकेच्या फॉरवर्डमध्ये, म्हणजे बँकेशीच थेट भाव ठरवलेल्या सौद्यात, नेलं, तिथे रोजचा आकडा डोळ्यांसमोर नाचत नाही. झोप त्याने लागली. डब्याचं श्रेय डब्याला, लॉटचं लॉटला.

आणि जे लोक फोनवरच्या परदेशी ॲपांवर चोवीस तास युरो-डॉलर, सोनं वगैरे खेळतात त्यांनाही नाही. माझा भाचा मडगावला असतो, त्याने मला तसलं एक ॲप दाखवलं, पाचशेपट उधारीवर सौदा, रात्री तीनलासुद्धा. असल्या परवानगी नसलेल्या ठिकाणांची यादी रिझर्व्ह बँक २०२२ च्या सप्टेंबरपासून स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवते, आणि यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असंही नव्हे. त्याला ते दाखवलं. पण डब्याच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. माझा बाजार पाचला बंद होतो म्हणून माझं कोंडणं शहाणपणाचं. त्याचा बाजार बंदच होत नाही, तो फोन कोंडून आत जळता चुला ठेवणार. त्याला मी डबा नाही, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला; फुकट आहे, रात्रीही लागतो. रागावला. नंतर एकदा लावला म्हणे.

रक्तदाबाचं विचाराल तर गेल्या महिन्यात १३८/८८. गोळी चालू आहे, मीठ कमी केलंय, संध्याकाळी कवळ्यापर्यंत चालतो. त्यातलं किती डब्यामुळे ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. यंदाच्या सप्ताहात पेटीच्या कडेला फक्त तपकिरीची डबी होती, तीसुद्धा बुवांची.

पाचांपैकी साडेतीन. एक गुण सेल आणि पडद्यापायी गेला, अर्धा त्या व्हिडिओपायी. घेणार असाल तर पांढरा घ्या, सोबत सेलचं पाकीट आणि बटणांचा साधा फोन. आणि घेतलात तर घरच्यांपासून जपा. चतुर्थी तोंडावर आली आहे, आईने नेवऱ्या कोंडून ठेवण्यासाठी डबा आधीच मागून ठेवलाय, पोरं विसर्जनाआधी संपवतात म्हणून. तीन दिवस देऊ असं म्हटलंय. मधल्या दिवसांत बाजार चालू आहे, त्यामुळे फोन कुठे ठेवायचा ते अजून ठरलेलं नाही.